यार्ड, मेन लाइन आणि बोगदा: एलिट डेंजरसमध्ये प्रकाशाच्या पुढे पळायचं कसं आणि थांबायचं कुठे

“मामा, हाई थांबसच नही!”

दिवाळीच्या सुट्टीत अमळनेरहून आलेला भाचा आतून ओरडला, तेव्हा मी मागच्या अंगणात पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजत होतो. तसाच काळ्या हातांनी आत गेलो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, त्याच्या अवकाशात जहाज चालवायच्या गेममध्ये, एक ग्रह भराभर मोठा होत होता आणि बाजूला ०:०३, ०:०२ असे आकडे पडत होते. मग ग्रह मागे गेला, त्याच्याजवळचं स्टेशनही मागे गेलं. पोरगं आ वासून बसलं. मला हसू आवरेना. बत्तीस वर्षं मी भुसावळहून गाड्या चालवल्या, आधी मालगाड्या, मग मेल-एक्स्प्रेस. आता सगळे लोको पायलट म्हणतात, आमच्या वेळी ड्रायव्हरच म्हणायचे. प्लॅटफॉर्म सोडून पुढे गेलेली गाडी मला लांबूनही ओळखू येते.

त्या दिवशी वांगी करपली ती करपलीच. सुट्टी संपल्यावर भाचा अमळनेरला गेला, गेम माझ्या कॉम्प्युटरवर राहिला आणि निवृत्त माणसाला नवीन ड्युटी लागली. ओळखीतल्या दोन-चार पोरांनी मग विचारलं की काका, हे सुपरक्रूझ काय, हायपरस्पेस काय, आमचं जहाज कधी उडतं, कधी ताऱ्यात घुसतं, कधी जागचं हलत नाही. त्यांना तोंडी जे सांगितलं तेच इथे लिहितो.

गेम एलिट डेंजरस. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने तो डिसेंबर २०१४ मध्ये आणला. त्याचा आजोबा म्हणजे डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी १९८४ मध्ये केलेला एलिट. नव्या गेममध्ये आपली आख्खी आकाशगंगा खऱ्या मापाने मांडली आहे, सुमारे ४०० अब्ज तारे धरून. ‘खऱ्या मापाने’ हे दोन शब्द नीट वाचा, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच निघते.

हिशेब करून पाहा. सुरुवातीला मिळणारं साइडवाइंडर हे जहाज साध्या चालीत सेकंदाला २२० मीटरच्या आसपास पळतं. आमच्या कुठल्याही एक्स्प्रेसपेक्षा कितीतरी जास्त. पण त्या वेगाने पृथ्वीवरून सूर्याकडे निघालात तर पोचायला साधारण साडेएकवीस वर्षं लागतील. तेवढ्यात माझी अर्ध्याहून जास्त नोकरी झाली होती. म्हणून गेममध्ये अंतर किलोमीटरमध्ये नाही, प्रकाशसेकंदात मोजतात. एका सेकंदात प्रकाश जवळपास तीन लाख किलोमीटर जातो. सूर्य ते पृथ्वी साधारण ५०० प्रकाशसेकंद, प्लूटो वीस हजारांच्या आसपास. आणि शेजारचा तारा? तिथे प्रकाशालाच चार वर्षांहून जास्त लागतात.

तर चाली तीन. साधी चाल म्हणजे यार्ड. सुपरक्रूझ म्हणजे मेन लाइन, एकाच ताऱ्याच्या कुटुंबात, ग्रहांच्या मधून, प्रकाशापेक्षा कितीतरी पट वेगाने. आणि हायपरस्पेस म्हणजे बोगदा: या ताऱ्यापाशी आत शिरायचं, त्या ताऱ्यापाशी बाहेर पडायचं, मधे तुमच्या हातात काहीच नाही. पुढच्या दोन्ही चाली एकच यंत्र देतं, फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह. कल्पना अशी की जहाज स्वतः पळत नाही, त्याच्या भोवतालचं अवकाशच आकसतं आणि पसरतं. १९९४ साली मिगेल आल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने कागदावर असंच गणित मांडलं होतं, पुढचं अवकाश आकुंचित करायचं नि मागचं फुगवायचं. प्रत्यक्षात कोणी करून दाखवलेलं नाही. गेममध्ये मात्र कीबोर्डवरचं ‘जे’ दाबलं की होतं.

आधी यार्डातून बाहेर पडा

नवीन माणसाची पहिली तक्रार असते, “जे दाबतो तरी काही होत नाही.” ड्राइव्ह बिघडलेला नसतो. तीन गोष्टी उघड्या राहिलेल्या असतात: उतरायचे पाय (एल), माल गोळा करायचं सूप (होम) आणि शस्त्रं (यू). यातली एक जरी बाहेर असली तरी ड्राइव्ह चार्ज होत नाही. आम्ही गाडी हलवण्याआधी ब्रेक पॉवरचं सर्टिफिकेट घ्यायचो, ते हातात आल्याशिवाय नॉच, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा टप्पा, ओढायची नाही. तुम्हीही तशी सवय लावा. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडलात की पाय आत, सूप आत, शस्त्रं आत, मगच जे.

दुसरं कारण मास लॉक. स्टेशन, ग्रह किंवा तुमच्यापेक्षा जड जहाज जवळ असलं की ड्राइव्ह एकतर चार्जच होत नाही किंवा गोगलगायीसारखा होतो. पडद्यावर तसा दिवाही लागतो. उपाय एकच, नाक मोकळ्या आकाशाकडे करून टॅब (जोराचा झटका) दाबत काही किलोमीटर लांब जा. यार्डात शंटिंग चालू असताना कोणी फुल नॉच देतं का?

एक काम आजच करून ठेवा. सुरुवातीला जे या एकाच बटणावर दोन्ही चाली असतात. दुसरा तारा निवडलेला असला तर बोगद्याची तयारी सुरू होते, नाहीतर सुपरक्रूझची. सेटिंगमध्ये दोघांना वेगवेगळी बटणं देता येतात. देऊन टाका. मी दिली नव्हती, आणि स्टेशन समोर दिसत असताना भलत्याच ताऱ्यावर जाऊन पोचलो. एकदा नाही, तीनदा.

सुपरक्रूझ: सगळा खेळ ब्रेकचा

इथे मी जरा जास्त बोलणार आहे. हे आमच्या धंद्यातलं आहे.

सुपरक्रूझमध्ये कमीत कमी वेग सेकंदाला ३० किलोमीटर. थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, शून्यावर आणला तरी जहाज तेवढं सरकतच राहतं. जास्तीत जास्त वेग प्रकाशाच्या २००१ पट. या दोन टोकांमध्ये तुम्हाला किती वेग मिळेल हे फक्त तुमच्या नॉचवर ठरत नाही, शेजारी काय आहे त्यावरही ठरतं. तारा किंवा ग्रह जवळ असला की त्याचं गुरुत्वाकर्षण वेग दाबून ठेवतं. नवी पोरं ताऱ्यापाशी बाहेर पडतात, फुल थ्रॉटल देतात आणि म्हणतात, “रांगतंय नुसतं.” रांगणारच. तिथे कायमची कॉशन ऑर्डर, म्हणजे वेग कमी ठेवायचा हुकूम, लागलेली आहे. नाक ताऱ्यापासून बाजूला काढा, मोकळ्यात आल्यावर वेग आपोआप चढत जातो. वाटेत मोठा ग्रह दिसला तर त्याला अगदी खेटून जाऊ नका, नाहीतर तिथे पुन्हा वेग मरेल.

आता थांबणं. जिथे जायचं ते डावीकडच्या पॅनेलमधून निवडलंत की त्याच्याजवळ दोन आकडे दिसतात: अंतर, आणि या वेगाने गेलात तर किती वेळात पोचाल. अंतराकडे बघू नका. अंतर फसवतं. वेळेच्या आकड्याकडे बघा.

नियम सोपा आहे. वेळ ०:०७ दिसली की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर आणा, म्हणजे थ्रॉटलच्या पट्टीवर जो निळा भाग आहे त्यात. बस. मग हात बाजूला घ्या. आकडा ०:०७ किंवा ०:०६ वर चिकटून बसेल, अंतर कमी होत जाईल आणि त्याच प्रमाणात वेगही कमी होत जाईल.

हे का चालतं ते एकदा समजून घेतलं की विसरत नाही. तुम्ही कायम सात सेकंद लांब असाल, तर सात लाख किलोमीटरवर तुमचा वेग सेकंदाला एक लाख किलोमीटर असतो, सात हजारावर एक हजार. स्टेशनासाठी ड्राइव्ह नीट सोडायच्या अटी दोन: अंतर १००० किलोमीटरच्या आत आणि वेग सेकंदाला १००० किलोमीटरच्या आत. गेममध्ये एक मेगामीटर लिहितात, तेच हे. सात सेकंदांच्या हिशेबाने हजार किलोमीटरवर तुमचा वेग सेकंदाला दीडशेच्याही खाली आलेला असतो. म्हणजे आरामात बसतं. एक प्रकाशसेकंदापासून तिथवर यायला हिशेबाने चाळीसेक सेकंद लागतात. तेवढ्यात घोटभर चहा होतो.

आणि तुम्ही ०:०७ ला थ्रॉटल कमी केला नाही तर? ०:०५, ०:०४... जहाजाला वेग मारायला जी जागा लागते ती संपली. भरलेल्या ५८ वॅगनची मालगाडी पाच हजार टनांच्या घरात जाते. ती लाल सिग्नल समोर दिसल्यावर थांबत नाही, ती थांबायला सुरुवात होते पिवळ्याला. म्हणून तर स्टेशनात शिरायच्या होम सिग्नलच्या किलोमीटरभर आधी डिस्टंट, म्हणजे आगाऊ सूचना देणारा सिग्नल, असतो. मेन लाइनला त्याच्याही आधी आणखी एक किलोमीटरवर दुसरा डिस्टंट असतो. ०:०७ हा तुमचा डिस्टंट. तो पिवळा दिसला की हात ब्रेकवर.

चुकलाच, आकडा ०:०४ वर आला, तर घाबरून थ्रॉटल शून्य करत बसू नका. नाक लक्ष्यापासून थोडं बाजूला वळवा, तिरके चला. लक्ष्याकडे जायचा वेग कमी पडतो, आकडा परत चढतो. ०:०७ झाला की नाक सरळ. पुढे निघूनच गेलात तर थ्रॉटल निळ्या भागात ठेवून वळा, तिथे जहाज सर्वांत लवकर वळतं. फुल थ्रॉटलवर वळायला गेलात तर मोठा फेरा पडेल आणि परत तेच होईल. इंग्रजी खेळाडू या फेऱ्याला ‘लूप ऑफ शेम’ म्हणतात, शरमेचा फेरा. मी भाच्याला हे सांगितल्यावर तो लाजला, पण त्यानंतर पंधरवडाभर मीच रोज एक तरी फेरा मारत होतो हे त्याला सांगितलेलं नाही.

दोन्ही अटी जुळल्या की पडद्यावर सुरक्षित बाहेर पडायचा संदेश येतो, मग जे. त्याआधी, वेग जास्त असताना जे दोनदा दाबलं तर ड्राइव्ह तसाही सुटतो, पण जहाज गरगरत बाहेर पडतं आणि अंगाला मार लागतो. इमर्जन्सी ब्रेक आहे तो, चाकं सपाट होतात. गरज पडली तरच.

लक्ष्याचं वर्तुळ तुटक रेषेचं दिसत असेल तर ते ग्रहाच्या आडोशाला आहे. सरळ जाऊ नका, वळसा घाला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गुरूएवढ्या एका ग्रहावर आपटायचा बाकी राहिलो होतो.

हे सगळं आपोआप करणारं यंत्रही मिळतं, सुपरक्रूझ असिस्ट. ते वेग सांभाळतं, जागेवर पोचलं की ड्राइव्हही सोडतं. वापरा, माझी हरकत नाही. पण आधी पन्नास वेळा हाताने थांबवा. असिस्टवर शिकलेल्या माणसाला चोर मागे लागल्यावर काय करावं ते कळत नाही.

स्टेशनापाशी बाहेर पडल्यावर परत यार्ड. साडेसात किलोमीटरच्या आत आलात की डॉकिंगची परवानगी मागता येते, मिळाली की दहा मिनिटं हातात. होम सिग्नलवर शिट्टी मारत उभं राहावं लागत नाही, एवढं सुख रेल्वेत नव्हतं.

बोगदा

दुसऱ्या ताऱ्याकडे जायचं तर गॅलेक्सी मॅपमध्ये तो निवडा, नाक त्याच्या दिशेने आणा, थ्रॉटल पूर्ण, ड्राइव्ह चार्ज, उलटी मोजणी, आणि सुटला. त्या दहा-वीस सेकंदांत काही करायचं नाही. फक्त एक गोष्ट करायची, ती म्हणजे एक्स दाबून थ्रॉटल शून्य करणं. कारण बोगद्यातून बाहेर पडता ते थेट ताऱ्याच्या तोंडासमोर. फुल थ्रॉटलवर बाहेर पडलात तर पाच सेकंदांत ताऱ्यात. माझी पहिली तीन जहाजं अशीच तापली. बोगद्यात शिरलात की बोट एक्सवर. याची सवय झाली की निम्मे अपघात टळतात.

किती लांब उडी मारता येईल हे जहाजाच्या वजनावर आहे. सुरुवातीचं साइडवाइंडर साडेसात प्रकाशवर्षांच्या आसपास उडी मारतं. माल भरला की उडी आखडते. रिकामी रेक (वॅगनची रांग) आणि कोळशाने भरलेली रेक चढावर सारखी ओढली जात नाही, तसंच. म्हणून जहाज विकत घेताना दोन आकडे बघा, रिकाम्याचा नि भरल्याचा. दुकानात रिकाम्याचा आकडा दाखवतात आणि नवा माणूस त्यालाच भुलतो. रावेरची केळी भरून दिल्लीला जाणारी गाडी आणि रिकामी परत येणारी गाडी, डिझेल एकच लागतं का?

इंधनाचा हिशेब सरळ नाही. दुप्पट लांबीची उडी म्हणजे दुप्पट इंधन नव्हे. लहान ड्राइव्हला ते चौपट लागतं, मोठ्या ड्राइव्हला सहापटीच्याही वर. म्हणून मॅपमध्ये मार्ग ठरवताना दोन पर्याय येतात, झपाट्याचा आणि काटकसरीचा. झपाट्याचा मार्ग मोठ्या उड्या घेतो आणि टाकी लवकर संपवतो. काटकसरीचा लहान लहान उड्या घेतो, वेळ जास्त, इंधन कमी. लांब जायचं असेल आणि वाटेत इंधन भरायची सोय नसेल, तर काटकसरीनेच जा.

वाटेत इंधन भरायची सोय म्हणजे फ्यूल स्कूप, ताऱ्याच्या कडेने जाऊन हायड्रोजन ओढायचं यंत्र. विमा काढावा तसं विकत घ्या, लगेच. वाफेची इंजिनं होती तेव्हा स्टेशनाच्या टोकाला पाण्याची सोंड असायची, इंजिन तिच्याखाली थांबायचं. पण पाणी कुठल्याही स्टेशनावर मिळायचं नाही, आणि इथेही इंधन कुठल्याही ताऱ्यावर मिळत नाही. फक्त सात प्रकारच्या ताऱ्यांवर मिळतं: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. आपला सूर्य जी. ही क्रमवारी गेमवाल्यांनी शोधलेली नाही, ती हार्वर्डच्या वेधशाळेत अ‍ॅनी जंप कॅनन यांनी लावली. साडेतीन लाखांच्या आसपास तारे त्या बाईंनी तपासून वर्गात बसवले. आणि मधलं नाव जंप! योगायोग बघा.

लक्षात ठेवायला मी एक वाक्य केलं: “ओ बाई, आधी फोडणी गरम कर मग...” प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घ्या. हे मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्याने पाठ करत होतो. आतून बायकोचा आवाज आला, “अहो, गरम तेल करतात, फोडणी देतात. आणि ओ बाई म्हणून कर काय? करा म्हणा.” दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, पण वाक्य आता बदलणार नाही.

या वाक्याबाहेरचे म्हणजे तपकिरी बटू, पांढरे बटू, न्यूट्रॉन तारे, कृष्णविवरं. इथे थेंबभरही मिळत नाही. मॅपमध्ये गाळणी आहे, ती लावून या सात प्रकारांतूनच मार्ग काढता येतो. मी ती लावली नव्हती. एका टी प्रकारच्या तपकिरी बटूपाशी जाऊन पोचलो तेव्हा टाकीत पुढच्या उडीपुरतंही इंधन नव्हतं. मग कळलं की गेममध्ये फ्यूल रॅट्स म्हणून खेळाडूंचाच एक गट आहे. इंधन संपलेल्यांकडे ते जाऊन टाकी भरून देतात, पैसे घेत नाहीत. २०१५ पासून हे काम चालू आहे. त्यांची पहिली सूचना अशी: प्राणवायूची उलटी मोजणी सुरू झाली असेल तर आधी मुख्य मेनूमध्ये बाहेर पडा, मग मदत मागा. पडद्यासमोर बसून मोजणी बघत राहणारा माणूस मरतो. कोण कुठला, कुठल्या देशातला माणूस, मला शोधत आला, टाकी भरून दिली नि निघून गेला. मी त्याला मराठीत धन्यवाद दिले, त्याने हसरा चेहरा पाठवला.

स्कूप करताना उष्णता बघत राहा. ताऱ्याच्या जवळ जाल तितकं लवकर भरतं आणि तितकंच लवकर तापतं. मी ६० टक्क्यांच्या पुढे काटा जाऊ देत नाही. शंभरच्या पुढे गेला की जहाजाचे भाग जळायला लागतात. ताऱ्याभोवती एक हद्द आखलेली दिसते. ती ओलांडली की ड्राइव्ह धाडकन सुटतो आणि तुम्ही भट्टीच्या तोंडाशी. जाताना नाक ताऱ्याकडे करायचं नाही, कडेने सरकत जायचं. टाकी भरली की नाक बाहेर. पूर्ण तापलेल्या जहाजाने लगेच पुढची उडी चार्ज करू नका, चार्ज होतानाही ते आणखी तापतं.

मागे चोर लागला तर

सुपरक्रूझमध्ये जाताना, खास करून माल असताना, कोणीतरी मागून येऊन तुम्हाला मेन लाइनवरून खाली ओढतं. पडद्यावर निळा रस्ता दिसतो, त्यावर नाक ठेवत राहिलात तर सुटता. नाही जमलं तर आपटून बाहेर पडता आणि ड्राइव्ह बराच वेळ थंड होत बसतो. लढायचं नसेल आणि जहाज लहान असेल तर माझा सल्ला वेगळा आहे: थ्रॉटल शून्य करा, स्वतःहून शरण जा. मग ड्राइव्ह थोड्याच सेकंदांत तयार होतो. ताकद इंजिनांकडे वळवा, टॅब दाबत पळा आणि सुपरक्रूझमध्ये परत जायच्या फंदात पडू नका. दुसऱ्या ताऱ्यावर उडी मारा. चोराचं जहाज जड असलं तर त्याच्या मास लॉकने सुपरक्रूझचं चार्जिंग रखडतं, बोगद्याचं रखडत नाही. म्हणून वर सांगितलं की दोन बटणं वेगळी ठेवा.

हटन ऑर्बिटल, आणि नवीन ड्राइव्ह

गेमला लागून महिना झाला असेल. कोणीतरी मला सांगितलं, अल्फा सेंटॉरीत हटन ऑर्बिटल नावाचं स्टेशन आहे, तिथे गेलं की अ‍ॅनाकोंडा जहाज फुकट मिळतं. अ‍ॅनाकोंडा म्हणजे महागडं, अजस्र जहाज. निघालो. बोगद्यातून बाहेर पडून स्टेशन निवडलं आणि अंतर बघितलं: ६७ लाखांहून जास्त प्रकाशसेकंद. म्हणजे सुमारे ०.२२ प्रकाशवर्षं. २००१ पट वेगानेही साधारण ५६ मिनिटं, आणि वेग चढायला नि उतरायला लागणारा वेळ धरला तर दीड तासाच्या आसपास.

मी काय, मी रात्र रात्र मालगाडी घेऊन बाजूच्या लूप लाइनला दुसऱ्या गाडीची वाट बघत उभा राहिलेला माणूस. दीड तासाचं काय कौतुक? नाक सरळ केलं आणि पेपर वाचत बसलो. पाऊण-एक तासाने बायको म्हणाली, “नळाला पाणी आलंय.” आमच्याकडे नळाला पाणी आलं की बाकी सगळं बाजूला. वर गेलो, टाकी भरली, ड्रम भरले, पाइप गुंडाळला. खाली आलो तर हटन ऑर्बिटल माझ्या मागे दहा-बारा लाख प्रकाशसेकंदांवर. २००१ पट वेगात दहा मिनिटांचं दुर्लक्ष म्हणजे एवढं होतं. परत वळलो. पोचलो तेव्हा अ‍ॅनाकोंडा नव्हती. ती जुनी थट्टा आहे, नव्या माणसाला तिथे पाठवायची. तिथे एक चहाचा मग विकत मिळतो, त्या स्टेशनाचा दुर्मिळ माल म्हणून. मी मग घेतला.

आता कोणी जात असेल तर त्याला एवढा वनवास नाही. २०२४ मध्ये गेममध्ये सुपरक्रूझ ओव्हरचार्ज नावाचा नवा ड्राइव्ह आला. सुपरक्रूझमध्ये असताना टॅब दाबला की वेग एकदम उसळतो, आणि अशी लांबची स्टेशनं बरीच जवळ येतात. पण इंधन घटाघटा पितो आणि जहाज तापवतो. ज्या जहाजांची घडण त्यासाठी नाही ती डुलतात, नाक एका जागी राहत नाही. मी तो मोकळ्या जागेत देतो आणि अर्ध्याहून जास्त अंतर तोडलं की बंद करतो. बंद केल्यावर परत ०:०७ चा नियम. ओव्हरचार्जने स्टेशनापर्यंत जायचं म्हणाल तर पाण्याची टाकी भरायला न जाताही तेवढेच लांब जाल.

न्यूट्रॉन ताऱ्यांबद्दल पोरं फार विचारतात, म्हणून दोन वाक्यं. त्याच्या दोन टोकांनी निघणाऱ्या फवाऱ्यातून गेलात तर पुढची एक उडी चौपट लांब होते, पांढऱ्या बटूच्या फवाऱ्यातून दीडपट. ड्राइव्ह प्रत्येक वेळी थोडा झिजतो, फवाऱ्यात जहाज गरगरतं, आणि पांढरा बटू दीडपटीसाठी जीव घेतो, तिकडे जाऊच नका. हे तुम्ही शंभर प्रकाशवर्षांच्या पुढे गेल्यावर वाचा.

ग्रहावर उतरायची चाल घाटासारखी आहे. खाली येताना नाक ६० अंशांपेक्षा जास्त खाली नको, पाचपेक्षा कमी नको, मग जहाज सेकंदाला अडीच हजार मीटरने सरकत उतरतं. कसारा घाट ३७ ला १ उताराचा आहे, तिथेही उताराशी मस्ती केलेली चालत नाही.

उन्हाळ्यासाठी एक गोष्ट, जी गेमच्या मदतीत लिहिलेली नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पडद्यावरचं जहाज तापायच्या आधी टेबलाखालचा डबा तापतो. एकदा सुपरक्रूझमध्ये ०:०७ ला चित्रच गोठलं, सुटलं तेव्हा ०:०२. तेव्हापासून मी चित्रांची गती सेकंदाला ३० वर बांधली आहे, डब्याचं एका बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावला आहे, आणि दुपारी बारा ते पाच खेळत नाही.

पहिल्या दिवशी एवढंच करा. ज्या ताऱ्याच्या कुटुंबात आहात तिथेच दोन स्टेशनं निवडा, एक जवळचं, एक हजारभर प्रकाशसेकंदांवरचं. असिस्ट बंद. या स्टेशनातून त्या स्टेशनाला जा आणि परत या. आकडा ०:०७, थ्रॉटल निळ्यात, हात मांडीवर. सलग पाच वेळा फेरा न मारता थांबलात की मग गॅलेक्सी मॅप उघडा.